पॅनल बसले, आता मुलांना विचारायचे कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत डिजिटल पॅनल, म्हणजे फळ्याच्या जागी मोठा टच-स्क्रीन, बसल्याच्या बातम्या आपल्या नाशिक पुरवणीत अधूनमधून वाचते. नारळ, फीत, पाहुणे आणि मागे ओळीने उभी मुले. सातपूर भागातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. पॅनल मला हवेच आहे, हे आधीच सांगते, नाहीतर ‘जुन्या वळणाच्या बाई’ म्हणून पत्र बाजूला पडायचे. पण बहुतेक वर्गांत त्याचा सिनेमा झाला आहे. व्हिडिओ लावला, दिवे बंद केले, की पंधरा मिनिटे वर्ग चिडीचूप. तपासणीला आलेले साहेबही खूश. मुलांना काय कळले, ते मात्र कोणालाच कळत नाही.

नववीचे धाराविद्युत घ्या. सारखे दोन बल्ब एकसर जोडणीत लावले, तर कोणता जास्त उजळेल? व्हिडिओ पाहिलेली मुलेही बेधडक सांगतात, धन अग्राजवळचा. का, तर त्याने वाटेत थोडी वीज खाल्ली, दुसऱ्याला उरलीसुरली मिळाली. सूत्र तोंडपाठ असते आणि ही समजूतही शाबूत असते. म्हणून मी आधी विचारते, मग दाखवते. हात वर करायला सांगून उपयोग नाही, कारण निम्मा वर्ग हुशार मुलीचा हात कधी वर जातो तेच बघतो. त्याऐवजी प्रत्येकाला चौकोनी ठसा छापलेले कागदी कार्ड दिले आहे. त्याची कोणती बाजू वर धरली, त्यावरून अ, ब, क की ड ते ठरते. प्लिकर्स नावाच्या अ‍ॅपवर माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की पॅनलवर आकडे उमटतात. मुलांच्या हाती फोन द्यावा लागत नाही. उत्तरे फाटली की शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचे आणि पुन्हा कार्डे वर. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून असे शिकवू लागले. (त्या गलक्याबद्दल शेजारच्या वर्गातून निरोप येतो, ते सोडा.)

मग फेटचे (PhET) सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग. नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम मोफत आहे, त्यातले बरेच मराठीत आहे आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. वीजप्रवाह मोजणारा अमीटर बल्बांच्या अलीकडे लावा, मध्ये लावा, पलीकडे लावा, आकडा तोच. म्हणजे वाटेत वीज कोणी खात नाही, दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. मुले गप्प होतात.

पण इथे थांबले तर फसलो. खरे सेल आणि टॉर्चचे बल्ब हातात दिले, की एक बल्ब खरोखरच जास्त उजळतो! ‘बाई, आम्ही म्हणत होतो ना?’ मग बल्बांची अदलाबदल त्यांनाच करायला लावायची. जास्त उजळणारा बल्ब जागा बदलूनही जास्तच उजळतो. म्हणजे फरक जागेचा नव्हताच, बल्बाचा होता. बाजारातून एकाच खोक्यातले आणले तरी दोन बल्ब तंतोतंत सारखे कुठे असतात? पडद्यावर ते तसे असतात, म्हणून नियम तिथे स्वच्छ दिसतो; खरा बल्ब मुलांना तपासायला भाग पाडतो. मला दोन्ही लागतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत दोन्ही बसवताना व्हिडिओला वेळ उरत नाही.

आमच्या पॅनलची वापर नोंदवही आहे. तारीख, घटक, मिनिटे, सही. किती मुलांचे उत्तर बदलले, याला रकाना नाही. शिक्षणात डिजिटल साधनांनी नेमकी किती भर पडते याचे भक्कम पुरावे कमी आहेत, असे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने बजावले होते. मिनिटे मोजून ते कसे मिळणार?

सातपूर-अंबडच्या कंपन्यांनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पॅनल देताना त्याच यादीत इन्व्हर्टर, सेल, बल्ब आणि वायरीही धराव्यात. पॅनलच्या किमतीपुढे सेल-बल्बांचा खर्च किरकोळ आहे. आणि प्रशिक्षणात पॅनलची बटणे दाखवण्यात दिवस घालवण्याऐवजी एका विषयाच्या शिक्षकांना एकत्र बसवून, मुले हमखास चुकतात असे प्रश्न काढून घ्यावेत. नववीच्या धाराविद्युतचे माझ्याकडे तयार आहेत. मागेल त्या शाळेला देईन.

एक विज्ञान शिक्षिका,
सातपूर, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)