कबुतरांच्या रोगाचं मूळ ढाबळीत, पुडीत नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ढाबळीत दोन कबुतरं हिरवं, पातळ हगू लागली की लगेच सगळ्यांच्या पाण्यात अँटिबायोटिकची पुडी पडते. ही सवय मोडायला हवी. साल्मोनेला या जिवाणूने (कबुतरपालकांच्या भाषेत पॅराटायफॉइड) आजारी पडलेलं कबुतर पुडीने टवटवीत दिसतं, पण जंतू आत दबा धरून राहतात. पुढं उन्हाचा किंवा पिल्लं वाढवण्याचा ताण आला की तेच कबुतर पुन्हा जंतू सांडू लागतं. अंड्यातच पिल्लं मरणं, पंखाचा किंवा पायाचा सांधा सुजणं या खुणा दिसल्या की ते वेगळं काढावं. पंख हळूच ताणून कोपरावर बोट फिरवलं तर गाठ हाताला लागते. घशात पिवळा थर धरणारा कँकर हा तर परजीवीचा रोग; जिवाणूंवरची पुडी तिथं फुकट जाते.

खरा घोळ पाण्यात आहे. कबुतर चोच बुडवून पाणी ओढतं, त्यामुळे एका आजाऱ्याची लाळ साऱ्या ढाबळीला पोचते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पाणी दुपारपर्यंत कोमट होतं आणि जंतू भराभर वाढतात. पाणी दिवसातून दोनदा बदलावं. भांडं नुसतं विसळून भागत नाही. आतला बुळबुळीत थर घासूनच निघतो. विष्ठा पडू नये म्हणून भांड्यावर झाकण हवं. आठवड्यातून दोन-तीन दिवस लिटरभर पाण्यात ५ मिली सफरचंदाचा व्हिनेगर घालावा, तोही प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यातलं जस्त आम्लात उतरतं आणि विषबाधा होते. प्रमाण वाढवलं तर पक्षी पाणी कमी पितात. आपल्याकडच्या उन्हात ते जिवावर बेतेल. व्हिनेगर प्रतिबंधासाठी आहे, आजारी पक्ष्यावरचा इलाज नव्हे.

जमीन रोज कोरडीच खरवडावी, तोंडाला मास्क लावून. ब्लीच वापरायचं असेल तर आधी विष्ठा काढून, साबणाने धुऊन, वाळवून मगच. घाणीवर ओतलेलं क्लोरीन तिथंच संपतं. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत, विषारी वायू सुटतो. ज्वारी-बाजरी जमिनीवर न फेकता गव्हाणीत द्यावी, पोती घट्ट बंद ठेवावीत. उंदीर हा साल्मोनेलाचा मोठा वाहक. पाव इंचाची जाळी लावली तर उंदीर आणि रानटी पारवे दोन्ही अडतात. बाजारातून आणलेला पक्षी ३० दिवस वेगळा ठेवावा, त्याचं पाणी-दाणं शेवटी करावं.

खाण्याच्या जनावरांसाठी व पक्ष्यांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं उत्पादन, विक्री व वितरण करण्यावर केंद्राने २०१९ मध्येच बंदी घातली आहे. औषध द्यावंच लागलं तर आधी विष्ठेची तपासणी करून घ्यावी. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून सलग पाच दिवसांची थोडी थोडी विष्ठा स्वच्छ डबीत गोळा करून थंड ठेवावी, गोठवू नये. कोणतं औषध लागू पडतं याची चाचणीही त्याच नमुन्यावर मागावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी असे नमुने घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवण्याची सोय करावी, ही पशुसंवर्धन विभागाला विनंती.

– एक कबुतरपालक, सोलापूर