केमोनंतरचा दहावा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाविषयी वृत्तपत्रांत दोन तऱ्हेचं लेखन नेहमी दिसतं. एक नव्या औषधाची बातमी आणि दुसरी आजाराशी झुंज दिलेल्या कोणाची तरी कहाणी. दोन्हींबद्दल तक्रार नाही. पण आईची किंवा वडिलांची केमो चालू आहे, रात्रीचे अकरा वाजलेत आणि त्यांना कणकण वाटते आहे, अशा घरातल्या मुलाला-मुलीला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. तीन आठवड्यांच्या सायकलमध्ये, म्हणजे एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंतच्या काळात, रुग्ण रुग्णालयात असतो तो बहुधा एखादाच दिवस. बाकीचे दिवस तो घरी काढतो आणि केमोचे बहुतेक धोके त्याच दिवसांत उभे राहतात. घरच्यांना तेवढं सांगितलं जातं, ‘काळजी घ्या’. काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, त्यासाठी हे पत्र.

आधी ताप. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतल्या पेशी तशाच असतात. त्यामुळे बऱ्याच औषधांत डोसानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. रुग्णालयाच्या भाषेत ‘काउंट पडतात’. गंमत अशी की नेमक्या याच सुमाराला उलट्या थांबलेल्या असतात, भूक परत येत असते आणि घर निर्धास्त झालेलं असतं. पहिल्या तीन दिवसांत डोळ्यांत तेल घालून बसलेली मंडळी दहाव्या दिवशी थर्मामीटर कुठे ठेवलाय ते विसरतात.

लक्षात ठेवायचा आकडा एकच: १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस. तो दिसला की त्याच वेळी रुग्णालयाला फोन करायचा आणि निघायचं. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. अशा रुग्णाला पहिलं अँटिबायोटिक रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून मिळावं, असं मानलं जातं. जवळच्या डॉक्टरांकडून गोळी घेऊन ‘दोन दिवस बघू’ हा मार्ग इथे चालत नाही. पांढऱ्या पेशीच नसतात म्हणून पू होत नाही, सूज-लाली येत नाही, एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. जंतुसंसर्गाची एकुलती एक खूण बहुधा ताप असते. म्हणूनच ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. आकडा उतरतो, संसर्ग वाढत राहतो. वयस्क माणसांत आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांत ताप कधीकधी येतच नाही. नुसती हुडहुडी भरते, माणूस गळून जातो, झोपाळतो. हेही तापाइतकंच तातडीचं समजायचं.

गरम किंवा थंड काही प्यायल्यावर तोंडातला ताप लगेच मोजू नये, अर्धा तास थांबावं. काखेत आकडा थोडा कमी दिसतो, म्हणून फोनवर सांगताना कुठे मोजला तेही सांगावं. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही. तिथली त्वचा फाटली तर जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. तातडीच्या विभागात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप इतका आहे.’ हे सांगितलं नाही तर आई साध्या तापाच्या रांगेत बसून राहते.

रक्ताच्या रिपोर्टात बहुतेक जण एकूण पांढऱ्या पेशी बघतात. बघायच्या असतात न्यूट्रोफिल, म्हणजे त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या मुख्य पेशी. एकूण आकड्याला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणा. एकूण ३,००० आणि न्यूट्रोफिल १५ टक्के, म्हणजे ४५०. तीन हजार ऐकून फारशी भीती वाटत नाही, पण न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असणं ही गंभीर अवस्था आहे. काउंट वाढवायचं इंजेक्शन घरी द्यायचं असेल तर ते सहसा केमो संपून २४ तास झाल्यावरच देतात, कारण आधी दिलं तर नव्याने वाढू लागलेल्या पेशी अंगातल्या केमोच्या तावडीत सापडतात. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नव्हे. त्यानंतर कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखतं. ही दुखी अपेक्षित आहे. आजार हाडात उतरला असं समजून रात्र जागून काढू नये.

उलट्यांच्या गोळ्यांचा गोंधळ घरोघरी सारखाच. काही गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्या असतात, काही लागल्यास. पिशवीत सगळ्या एकत्र पडतात आणि पहिल्या दिवशी उलटी झाली नाही की ‘कशाला उगाच गोळ्या’ म्हणून सगळ्याच बंद होतात. मळमळीची दुसरी लाट २४ तासांनंतर येते आणि चार-पाच दिवस टिकू शकते. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधात तिचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहणार कशी? नेमून दिलेले दिवस पुरे करावेत. ऑनडॅनसेट्रॉन या उलटीवरच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं. डेक्सामेथासोन हे उलटीसाठी दिलं जाणारं स्टेरॉइड दुपारनंतर घेतलं तर झोप उडते आणि मधुमेह असेल तर साखर चढते, म्हणून ते सकाळी द्यावं आणि त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासावी. ओलँझापिन या मळमळीवरच्या गोळीने गुंगी येते. रात्री बाथरूमला जाताना आधार लागतो आणि दिवा चालू ठेवावा लागतो. म्हातारपणी एक पडणं सगळं वेळापत्रक विस्कटून टाकतं.

वडील कधीच आपणहून सांगणार नाहीत असा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ. मॉर्फिन किंवा त्या जातीचं वेदनाशामक चालू झालं की त्याच दिवसापासून रेचक चालू हवं. मळमळ आणि गुंगी यांची शरीराला काही दिवसांत सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. इथे एक फसवणूक असते. घट्ट मलाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. घरचे म्हणतात जुलाब लागले, जुलाब थांबवायची गोळी देतात आणि अडकलेलं आणखी घट्ट होतं. आधीचे चार दिवस पोट साफ झालं होतं का, हा प्रश्न गोळीआधी विचारावा. काउंट कमी असताना एनिमा किंवा गुदद्वारात ठेवायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कारण थर्मामीटरबाबत आलंच आहे.

खरे जुलाब असतील तर मोजावेत. रोजच्या खेपांपेक्षा चार खेपा जास्त झाल्या की त्याच दिवशी फोन. कॅपेसिटाबिनसारखी केमोची गोळी घरी चालू असेल तर ‘कोर्स मध्येच तोडायचा नाही’ या समजुतीने ती रेटत राहू नये. पुढचा डोस घेण्याआधी विचारावं. ती जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत आणि दोन डोसांत साधारण १२ तासांचं अंतर ठेवून घ्यायची असते. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायचा नाही. या गोळ्या कुटायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार, चालू असेल तर जुलाबांचा अर्थच वेगळा. तिथे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटलेली असू शकते, औषध संपून महिने लोटल्यावरही. घरची गोळी न देता डॉक्टरांना कळवायचं आणि ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द मुद्दाम उच्चारायचा, कारण बाहेरचे डॉक्टर ते केमोच समजून चालतात.

तोंड येतं ते साधारण आठवडाभराने. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्याच्या गुळण्या दर दोन-चार तासांनी कराव्यात. पाणी रोज नवं करावं, गिळू नये. अल्कोहोल असलेलं माउथवॉश झोंबतं आणि तोंड आणखी कोरडं पाडतं. जिभेवर किंवा गालाच्या आतून पांढरे चट्टे आले तर ती बुरशी असू शकते. ती गुळण्यांनी जात नाही, तिला औषध लागतं. ऑक्सालिप्लॅटिन हे केमोचं औषध घेणाऱ्यांना पहिले काही दिवस गार पाणी पिऊ देऊ नये, फ्रिजमध्ये हात घालू देऊ नये; घसा आवळल्यासारखा वाटतो आणि माणूस घाबरून जातो.

खाण्याबाबत घरोघरी जी आर्जवं चालतात त्यांचा फायदा होत नाही. ताट भरून वाढलं की भूकच मरते. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. प्रथिनांची गरज किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारावं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी घ्यावं. बहुतेक केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात, त्यामुळे पाच-दहा टक्के वजन घटलं असेल तर पुढच्या डोसाआधी ते डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे.

पहिले ४८ तास लघवी, शौच आणि उलटीतून औषध बाहेर पडतं. झाकण लावून दोनदा फ्लश करावं, सांडलेलं पुसताना हातमोजे घालावेत, माखलेले कपडे वेगळे धुवावेत. गर्भवती सुनेने किंवा मुलीने हे काम करू नये. पण एवढ्यावरून आजीला नातवंडांपासून तोडू नका. कर्करोग शिवल्याने पसरत नाही. मिठीने, एका टेबलावर जेवल्याने औषधही पसरत नाही. नातवाला सर्दी झाली असेल तेव्हा मात्र त्याने लांब राहावं, आजीच्या भल्यासाठी.

आता एक विषय जो वयामुळे हमखास दुर्लक्षित राहतो. दोन दिवसांत वडील असंबद्ध बोलू लागले, दिवसा झोप आणि रात्री जाग असं होऊ लागलं, किंवा फार शांत झाले, हाकेला उशिरा ओ देऊ लागले, तर ‘वय झालं’ किंवा ‘खचले’ म्हणून सोडून देऊ नका. अचानक आलेल्या गोंधळाला कारण असतं: संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणं, कॅल्शियम वाढणं, नवी गोळी. शांत प्रकार जास्त फसवा, कारण शांत रुग्णाचा कोणाला त्रास होत नाही. कारण शोधेपर्यंत चष्मा आणि श्रवणयंत्र लावून ठेवावं, खोलीत दिवसा उजेड हवा. पाठीत नवी दुखी, आडवं झाल्यावर ती वाढणं, पायांत अशक्तपणा, लघवी अडणं ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दाखवावं, पाय गेल्यावर ते परत येतीलच असं नाही. एकाच पायाला सूज किंवा अचानक धाप, हेही थांबण्याचं नव्हे.

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाचं आईवडिलांकडून मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: ‘बरं आहे.’ पोरांना कशाला त्रास, हा त्यांचा हिशेब. म्हणून प्रश्न मोजता येणारे हवेत. आज लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता? रात्री दुखीने किती वेळा जाग आली? शून्य ते दहात दुखी किती? उत्तरं वहीत लिहावीत आणि तारखेच्या शेजारी सायकलचा कितवा दिवस तेही लिहावं. अशा दोन सायकलींच्या नोंदी असल्या की तिसरीत त्रास कधी येणार ते आधीच कळतं आणि डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस ठरवावा. लांब राहणारं भावंड, जे सल्ले सर्वांत जास्त देतं, त्याच्याकडे विम्याचे कागद आणि रिपोर्टांची फाइल सोपवावी. सल्ले आपोआप कमी होतात.

आणि आजाराचं नाव त्यांच्यापासून लपवू नका. केमोच्या खोलीत बसलेल्या माणसाला ते बहुतेक वेळा कळलेलंच असतं, फक्त बोलायला कोणी उरत नाही. किती सांगायचं ते त्यांनाच विचारा. काहींना सगळे आकडे हवे असतात, काहींना फक्त पुढची तारीख.

रुग्णालयांना एक सुचवावंसं वाटतं. प्रत्येक केमोनंतर घरी जाणाऱ्याच्या हातात मोठ्या अक्षरातला एक कागद द्यावा. त्यावर औषधांची नावं, काउंट पडण्याच्या अपेक्षित तारखा, १००.४ हा आकडा, ठरल्या वेळच्या आणि लागल्यास घ्यायच्या गोळ्या वेगवेगळ्या लिहिलेल्या, आणि रात्री लावायचा फोन नंबर असावा. आपल्या वृत्तपत्राने आरोग्याच्या पानावर अशा कागदाचा नमुना चौकटीत छापला तर तो कापून फ्रिजवर लावणारे वाचक पुष्कळ निघतील. नंबर छापण्याआधी तो एकदा रात्री दोन वाजता लावून पाहावा, एवढं मात्र रुग्णालयांनी करावं.

आपली,
केमोथेरपी विभागातील एक परिचारिका