दोन पासपोर्ट कुणाला मिळतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात जर्मनीतल्या मराठी मंडळींना आता दोन पासपोर्ट बाळगता येणार, असं मोठ्या अक्षरांत छापून आलं आणि काल दिवसभर आमचा फोन वाजत राहिला. धाकट्या नणंदेने तर पेढे मागितले. पेढे कशाचे देऊ?

जर्मनीने २७ जून २०२४ पासून कायदा बदलला, आठऐवजी पाच वर्षांत नागरिकत्व मिळू लागलं, आधीचं नागरिकत्व सोडायची अट काढली, इथवर बातमी बरोबर आहे. पण अट त्यांनी काढली, आपण नाही. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ जागच्या जागी आहे. आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. एवढी एक ओळ छापायला जागा नव्हती?

माझी मुलगी म्युनिकला असते. गेल्या वर्षी तिने हे सगळं केलं. जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा, नागरिकत्वाच्या अर्जाची २५५ युरो फी, ३३ प्रश्नांची नागरिकत्व चाचणी. पास व्हायला १७ पुरतात, पण हिने प्रश्नसंचातले ३१०च्या ३१० प्रश्न पाठ केले. मला जर्मन येत नाही. रात्री फोनवर मी नुसता प्रश्नाचा नंबर सांगायचे, ती उत्तर म्हणायची. नागरिकत्व मिळालं त्या दिवशी खूप आनंदात होती. मग भारताचा पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागला. दिवाळीत आली तेव्हा परत मिळालेला तो पासपोर्ट तिने माझ्या हातात ठेवला. कोपरा कापलेला, आत 'रद्द'चा शिक्का. त्यातल्या फोटोसाठी मीच तिची वेणी घालून तिला स्टुडिओत नेलं होतं. दोघी बराच वेळ काही बोललो नाही. आता तो देवघराच्या खणात आहे.

तिच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे, पण ते नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा आहे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या बातमीवर विसंबून कुणी जर्मन झाल्यावरही जुना पासपोर्ट वापरला, तर दंड त्याला भरावा लागेल, तुम्हाला नाही. म्हणून दुरुस्ती छापा, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

आणखी एक. बातमीशेजारी छापलेला झेंडा बेल्जियमचा आहे. जर्मनीचे पट्टे आडवे असतात.

– एक जुनी वाचक, नाशिक