इलेक्ट्रिक का निघत नाही?

प्रिय बंड्या,

'टेकन ८' हा मारामारीचा व्हिडिओ गेम घेतलास, त्यातला काझुया हा लढवय्या निवडलास आणि आता त्याची 'इलेक्ट्रिक' ही ठोशाची चाल निघत नाही म्हणून बोटं आखडलीत. लेका, सगळा घोळ वेगाच्या नादाने होतोय. इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट घाईने हाणायची चालच नाही, तिथे समेवर यावं लागतं.

क्रम असा: पुढे, सोड, खाली आणि मग खाली-पुढे व उजवा ठोसा एकदमच. उजवा ठोसा म्हणजे प्लेस्टेशनवर त्रिकोण, एक्सबॉक्सवर वाय. पहिले तीन टप्पे जरा रेंगाळले तरी गेम चालवून घेतो. शेवटची जोडी मात्र एकाच फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकाच चित्रात, पडायला हवी. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे हातात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. ठोसा मागे राहिला की साधा विंड गॉड फिस्ट निघतो, वीज चमकत नाही. आधी पडला की भलतीच चाल. दोन बोटांत ४ मिलिसेकंदांचा फरक असला तरी साधारण चारातून एकदा फ्रेमची सीमा नेमकी मध्ये येते आणि मुसळ केरात. त्यामुळे एखादा चुकला म्हणून लय बदलत बसू नकोस.

तू कीबोर्डवर खेळतोस, ते उलट सोयीचंच आहे. 'पुढे' हलकेच दाबून पूर्ण सोड. कुठलीच कळ दाबलेली नाही अशी ती मोकळी फ्रेम आलीच नाही तर क्राउच डॅश, म्हणजे वाकून पुढे झेपावणं, होत नाही, आणि घाईत बहुतेकांची तीच गळते. मग 'खाली' दाबून धर, आणि ते धरलेलं असतानाच 'पुढे' व ठोसा एकत्र आपट. 'खाली' तेवढ्यात सुटलं तर खाली-पुढेचा तिरका कोपरा बनत नाही. स्वस्त कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या की एखादी गिळली जाते. तसं होत असेल तर ठोशाची कळ बदलून बघ.

सरावात आधी फक्त शेपूट घे: 'खाली' धरून 'पुढे' व ठोसा. प्रॅक्टिस मोडमध्ये कमांड हिस्टरी, म्हणजे दाबलेल्या कळांची यादी, चालू ठेव. खाली-पुढे आणि ठोसा एकाच ओळीत दिसले तर जमलं. आधी नुसता कोपरा आणि पुढच्या ओळीत कोपरा अधिक ठोसा दिसला, तर ठोशाचं बोट मागे पडतंय. हे बसलं की आधीचे टप्पे जोड. ऑनलाइन लॅगला दोष देऊ नकोस, तो दोन्ही कळांना सारखाच मागे ढकलतो.

एवढी हौस कशाला? साधा फिस्ट समोरच्याने अडवला (ब्लॉक) की तू १० फ्रेम मागे, म्हणजे तो तुझ्याआधी १० फ्रेम हलू शकतो, आणि १० फ्रेममध्ये लागणारा झटपट ठोसा (जॅब) मारून मोकळा. इलेक्ट्रिक ब्लॉक झाला तरी तूच ५ फ्रेम पुढे. बसला तर गडी हवेत, आणि तिथून कॉम्बो, म्हणजे फटक्यांची सलग साखळी.

पण ही चाल वरच्या उंचीची आहे, वाकणाऱ्याच्या डोक्यावरून जाते. बाजूला सरकणाराही सुटतो. म्हणून सारखी सारखी फेकू नकोस, समोरच्याचा फटका हुकला की तेव्हाच काढ. आणि उजव्या बाजूने खेळतानाचा सराव वेगळा कर. तिथे 'पुढे'ची कळ बदलते, तिच्यासोबत बोटांची जोडीही बदलते, त्यामुळे डाव्या बाजूची सवय तिकडे कामाला येत नाही.

तुझा,
पक्या