पिशवीवर नाव नसलेल्यांचे आभार

बाबांच्या केमोथेरपीच्या काळात ज्यांनी प्लेटलेट दिल्या, त्या सगळ्यांचे हे जाहीर आभार. पिशवीवर रक्तगट असतो, तारीख असते. दात्याचं नाव नसतं. म्हणून असे, पत्ता न लिहिता.

प्लेटलेट फार दिवस साठवता येत नाहीत. 20 ते 24 अंशांना, सतत हलवत ठेवायच्या, तरी साधारण 5 दिवसच टिकतात. म्हणजे बाबांना मंगळवारी लागल्या, तर कुणीतरी त्याच सुमारास वेळ काढून गेलेलं असणार. आणि हे काम चहा-बिस्किट घेऊन दहा मिनिटांत उरकणारं नाही. यंत्र रक्त घेतं, प्लेटलेट वेगळ्या करतं, बाकीचं परत शरीरात सोडतं. तास-दीड तास खुर्चीतच. (हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून पोचायचा वेळ वेगळा!)

आमच्या पिढीला आयुष्याचा अर्थ शोधायची भारी हौस. मलाही. पहाटे पाचला उठणं, डायरी, कोर्स, सगळं करून झालं. तुमची ती खुर्ची मला कुणी सुचवलीच नव्हती. तुम्ही स्टेटस टाकलं असेल तर उत्तमच, त्यानं आणखी चार जण जातात.

रात्री उशिरा मेसेज पुढे पाठवणारे, "ताई, मी बी पॉझिटिव्ह आहे, येऊ का?" विचारणारा तो मुलगा, उपाशी आलेल्या दात्याला "आधी जेवून ये" म्हणून पिटाळणाऱ्या रक्तपेढीतल्या मावशी, तुमचेही आभार.

बाबा घरी आलेत, चहात साखर कमी पडली म्हणून भांडतात. मीही नाव नोंदवलंय. वजन, हिमोग्लोबिन आणि हाताची शीर पास झाली, तर शनिवारी जाणार आहे.