जोडवी का काढलीस?

पुणे

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल आईच्या सुजलेल्या बोटांविषयी "रिपोर्ट निगेटिव्ह आला, वात नाही, विषय संपला" असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तुमचा जीव भांड्यात पडल्याचं आवाजावरूनच कळत होतं, त्यामुळे लगेच वाद घालायचं माझ्या जिवावर आलं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले दोन्ही कागद मी रात्री मोठे करून पाहिले. विषय संपलेला नाही. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मध्येच "बरं बरं" म्हणाल, म्हणून लिहितेय. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला मुळापासून सांगितल्याशिवाय पटत नाही, तेव्हा पत्र लांबणार.

एक आधीच सांगते. मी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. आईला काय झालंय हे ठरवणं माझं काम नाही. पण हे आकडे कसे निघतात आणि त्यांच्यावर किती भार टाकायचा, ते मी रोज बघते.

तुम्ही ज्याच्यावर विसंबलात तो आरए (रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आपलीच रोगप्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो संधिवात) फॅक्टर 9 आहे. लॅबची मर्यादा 20, म्हणून पुढे "निगेटिव्ह" छापलंय. हा फॅक्टर म्हणजे शरीराने स्वतःच्याच अँटिबॉडीविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी. नॉर्वेतल्या एरिक वालर यांनी 1940 साली तिच्याविषयी लिहिलं. अँटिबॉडीचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी अशा संधिवाताच्या रुग्णाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात) एकमेकींना चिकटतात, असं त्यांना दिसलं होतं. 1948 मध्ये अमेरिकेत रोझ यांनाही तेच आढळलं, आणि तपासणी दोघांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आता मेंढी गेली, लॅटेक्सचे सूक्ष्म कण आले, आणि गढूळपणा मशिन मोजतं. पण तपासणीची मर्यादा आहे तिथेच आहे. रुमॅटॉइड असलेल्या दहा जणांपैकी साधारण तिघांत हा फॅक्टर सापडतच नाही, आणि आजाराच्या पहिल्या काही महिन्यांत तर न सापडणारे आणखी जास्त. उलट हिपॅटायटिस सी, क्षय, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग यांतही तो वाढतो, आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही पॉझिटिव्ह येतो. म्हणजे तो असला म्हणून रुमॅटॉइड नक्की होत नाही आणि नसला म्हणून सुटकाही नाही. कागदावर मात्र "निगेटिव्ह" हा शब्द असा ठळक छापतात की माणसं पेढे वाटतात.

आता त्याच कागदावरचं, तुम्ही ज्याच्याकडे पाहिलंच नाहीत ते. ईएसआर 58. रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहायचं, इतकी साधी तपासणी आहे ही. शरीरात कुठे दाह असला की रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक रचल्या जातात आणि भराभर तळाला जातात. वयाप्रमाणे हा आकडा थोडा चढतोच. बायकांसाठी ढोबळ हिशोब म्हणजे वय अधिक 10, भागिले 2. आईचं वय 63, म्हणजे 36-37 पर्यंत चाललं असतं. 58 जास्त आहे. पण तिचं हिमोग्लोबिन 10.2 आहे, आणि रक्त कमी असलं की ईएसआर आपोआप वाढतो. म्हणून एकट्या ईएसआरवरून मी काही बोलणार नाही.

सीआरपी मात्र 24 आहे, मर्यादा 6. हे प्रथिन यकृतात तयार होतं, दाह सुरू झाला की काही तासांत वाढतं आणि ओसरला की पटकन उतरतं. ईएसआरसारखा त्याच्यावर रक्त कमी असण्याचा परिणाम होत नाही. तेव्हा कुठेतरी दाह आहे एवढं खरं. कुठे आणि कशामुळे, ते सीआरपी सांगत नाही. दाताचं गळू असलं तरी तो वाढेल. (पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये केलात तर एकक बघा. काही ठिकाणी लिटरऐवजी डेसिलिटरमध्ये देतात, तिथे हेच 24 चे 2.4 होतात आणि माणूस उगाच खूश होतो.)

त्या "आर्थरायटिस पॅकेज"मधल्या बाकीच्या दोन गोष्टींवर तुमचे पैसे वाया गेले असं मला वाटतं. एएसओ ही घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या मागच्या संसर्गाची खूण, मुख्यतः शाळकरी मुलांच्या संधिवातज्वरासाठी. त्रेसष्टाव्या वर्षी बोटं सुजलेल्या बाईला तिचा काय उपयोग? युरिक अ‍ॅसिड गाऊटसाठी, म्हणजे ते सांध्यात साठून होणाऱ्या वातासाठी. ते 5.1 आहे, ठीक आहे. त्यामुळे आईची तूरडाळ आणि टोमॅटो ज्यांनी बंद केलेत त्यांनी ते आजच्या आज सुरू करावेत.

बाबा, तुमचं "चिकनगुनियाच असणार" हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. 1973 साली बार्शीत ती साथ आली तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात आणि कसे वाकून चालत होतात, ते आजी सांगायची. 2006 मध्येही महाराष्ट्रात गावंच्या गावं आखडली होती. त्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात आणि दिसायला रुमॅटॉइडसारखेच दिसतात. डॉक्टर आधी तेच विचारतील. पण त्याची सुरुवात जोरदार तापाने होते, आणि आईला पावसाळ्यापासून तापच आलेला नाही. शंका असली तर त्याची अँटिबॉडी तपासता येते. हवं तर करून टाकू, म्हणजे तुमच्या मनात राहायला नको.

आता जी तपासणी झाली नाही ती. अँटी-सीसीपी. दाह झाला की शरीरातल्या काही प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं. रुमॅटॉइडमध्ये आपली रोगप्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1998 मध्ये ती पकडायची रीत दाखवली, आणि पुढे त्यातूनच आजची तपासणी तयार झाली. ती आरए फॅक्टरपेक्षा जास्त रुग्ण पकडते असं नाही. पण पॉझिटिव्ह आली तर दुसरं काही असण्याची शक्यता फार थोडी उरते, कारण हा आजार नसलेल्या शंभरातल्या साधारण 95 जणांत ती निगेटिव्हच येते. शिवाय आरए फॅक्टर निगेटिव्ह असलेल्या काही जणांत ही सापडते. आपल्याला हवंय ते हेच. महाग आहे, म्हणून पॅकेजमध्ये नसते. बार्शीत रक्त घेऊन बाहेर पाठवतील, एक-दोन दिवस लागतील. उपाशीपोटी जायची गरज नाही. आईला चहाशिवाय बाहेर काढू नका.

मात्र तीही निगेटिव्ह आली तर पुन्हा "विषय संपला" म्हणू नका. दोन्ही निगेटिव्ह असूनही रुमॅटॉइड असणारे रुग्ण बरेच असतात. म्हणून डॉक्टर नुसत्या रक्तावर जात नाहीत. अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी 2010 मध्ये मिळून गुणांचा एक तक्ता केला. तो मुळात संशोधनासाठी आहे, पण दवाखान्यातही त्याचा आधार घेतात. दहापैकी सहा गुण झाले की रुमॅटॉइड धरतात, अर्थात किमान एका सांध्यावर खरी सूज हवी आणि तिला दुसरं कारण नको. रक्तातल्या दोन अँटिबॉडींना मिळून जास्तीत जास्त 3. ईएसआर किंवा सीआरपी वाढलं असेल तर 1. सहा आठवडे किंवा जास्त झाले असतील तर 1. आणि सांध्यांना एकट्याला 5 पर्यंत.

आता आईचं गणित मांडा. फोटोत मला दोन्ही हातांच्या पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी सूज दिसते, मधल्या बोटांचे मधले सांधे फुगलेत, आणि मनगटं दुखतात हे ती स्वतःच सांगते. हे आठ लहान सांधे झाले. चार ते दहा लहान सांध्यांना 3 गुण. सीआरपीचा 1, मुदतीचा 1. बेरीज 5. एका गुणाने अडकलंय. अँटी-सीसीपी थोडीशी जरी पॉझिटिव्ह आली तरी आणखी 2 मिळतात.

पण दुसरी एक वाट आहे आणि तिला पैसाही लागत नाही. दुखऱ्या सांध्यांची संख्या दहाच्या वर गेली, तर 3 ऐवजी थेट 5 गुण मिळतात, रक्तात काही सापडो न सापडो. आई, परवा वहिनी सहज बोलून गेली की तू जोडवी काढून ठेवली आहेस. विचारलं तर "टोचतात" म्हणालीस म्हणे. तू, आणि जोडवी काढून ठेवतेस? सकाळी पलंगावरून उतरल्यावर पावलांच्या पुढच्या भागाला खडे टोचल्यासारखं होतं का? पायाच्या बोटांच्या मुळाशी आडवं दाबलं की कळ येते का? अंगठा सोडून बाकीच्या चार बोटांच्या मुळाचे सांधे या मोजणीत धरतात. त्या दवाखान्यात तुझे हात पाहिले, नाडी पाहिली, पण चप्पल काढायला कुणी सांगितलं नाही, असं वहिनी म्हणाली. मला तुझ्या एकाही रिपोर्टपेक्षा त्या पायांची काळजी जास्त वाटते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तू होऊन दाखव. "वयोमानाने होतं" असं म्हणून झाकू नकोस. आणि सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो ते खरं सांग. भाकरी थापायचं काम तू वहिनीकडे दिलंस, ते काही हौसेने दिलं नसणार.

आई, आणखी एक. बाजारातली ती "वाताची पुडी" तू घेतेस का? अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चार दिवसांत सूज उतरते, सीआरपी उतरतो, आणि तपासायला जाशील तेव्हा सांधे शहाण्यासारखे गप्प बसलेले असतात. सुरू केली नसशील तर करू नकोस. बरेच दिवस घेत असशील तर आपल्या मनाने एकदम थांबवूही नकोस, त्यानेही त्रास होतो. पुडी पिशवीत टाकून घेऊन ये आणि डॉक्टरांसमोर ठेव. कुणी रागावणार नाही, मी तर अजिबात नाही.

सगळं लवकर कशाला, असं विचाराल. या आजारात हाडं झिजायला सुरुवातीच्या काळातच सुरुवात होते, आणि झिजलेलं हाड भरून येत नाही. लक्षणं दिसल्यापासून तीन महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावं असं तज्ज्ञ सांगतात. आपण पावसाळ्यापासून मलमं चोळतोय. औषध ठरलं की यकृताची, किडनीची, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी पुन्हा सांगतील. ती औषध सोसेल का हे बघण्यासाठी असते, तेव्हा बाबा, "सारखं रक्त काढतात" म्हणून तिथे वाद घालू नका.

सोलापूरला दाखवायचं की इथे, ते तुम्ही ठरवा, पण दाखवायचं संधिवाततज्ज्ञालाच, हाडांच्या डॉक्टरांना नव्हे. इथे आलात तर मला रजा मिळते. कुर्डुवाडीहून रेल्वेने या, बसच्या धक्क्यांनी आईचे हाल होतील. वाटेत भिगवण लागेल. तुम्हाला तिथले फक्त फ्लेमिंगो माहीत आहेत. त्याच गावात 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन लोकांचे सांधे तपासले. रुमॅटॉइडचे रुग्ण हजारात साधारण पाच निघाले. त्या हिशोबाने बार्शीएवढ्या गावात असे कित्येक असतील, तेव्हा आपल्याच घरी कसं काय, असं आईला वाटायला नको.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. दादाला सांगा, तिकिटं मी काढते.

तुमची,
मनू

ता. क. – बाबा, निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आई उठल्या उठल्या तिच्या हातांचे आणि पायांचे फोटो काढा, खिडकीजवळच्या उजेडात. दुपारपर्यंत सूज थोडी उतरते, आणि डॉक्टरांची वेळ मला दुपारचीच मिळतेय.