मुलींच्या शिक्षण निधीबाबत सूचना

सदस्यांना नमस्कार. यंदाची वर्गणी महिनाअखेरपर्यंत खजिनदारांकडे द्यावी. शिक्षण हक्क कायद्याचं मोफत शिक्षण 14 वर्षांपर्यंतच. आठवीनंतर घरी बसणाऱ्या मुली आपण पाहतोच. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी साध्या बसचं भाडं लागत नाही, हे फार मोठं काम झालं. पण खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांतून थांब्यापर्यंतच रानातून चालत यावं लागतं. पावसाळ्यात तर घरचे पोरीला एकटीला पाठवायला धजावत नाहीत. म्हणून यंदा वह्या-दप्तरांपेक्षा वसतिगृहाच्या खर्चाला पैसे द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. कुणाची मुलगी शाळा सोडून बसली असेल, तर नाव ग्रुपवर टाकू नका, मला वेगळं कळवा.

– चिटणीस